कर्ता हरवलेले शब्द : पर्यावरण आणि आजची इंग्रजी



आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवले, भाषाशास्त्र नव्हे. तेव्हा आज इंग्रजी शब्दांवर बोलायला उभे राहिलो आहोत याचे काही जणांना नवल वाटेल. कारण अगदी घरगुती आहे. आमची मुलगी इंग्लंडात असते. तिची लेक अकरा वर्षांची. दर दिवाळीला ही मंडळी पुण्याला येतात. मध्यंतरी एका रविवारी व्हिडिओ कॉलवर नात म्हणाली, "आजोबा, आपण या वेळी नाही आलो तर चालेल का? मला फ्लाइट शेम येतं." ताप येतो, शिंक येते, तसं तिला फ्लाइट शेम आलं होतं.

खोदून विचारल्यावर कळले की शाळेत सगळ्या मुलांनी आपापला कार्बन फुटप्रिंट मोजला. एक तक्ता असतो. घरात किती दिवे, मांस किती वेळा खाता, गाडी कोणती, विमानाने कुठे गेलात, हे सगळे भरायचे. हिच्या तक्त्यात भारताच्या प्रवासाचा आकडा बाकी सगळ्या आकड्यांवर मात करून गेला. "माझा पाय वर्गात सगळ्यात मोठा आहे," ती म्हणाली. हसत नव्हती बरं का. त्या रात्री आम्हाला नीट झोप लागली नाही, आणि दुसऱ्या दिवसापासून आम्ही हे शब्द गोळा करायला लागलो.

शब्द भरपूर निघाले. ऑक्सफर्डचे कोशकार दरवर्षी एक 'वर्षाचा शब्द' जाहीर करतात. २०१९ साली तो होता 'क्लायमेट इमर्जन्सी'. त्यांच्याकडे अब्जावधी शब्दांचा चालू मजकुराचा साठा असतो, त्यावरून कोणता शब्द किती वाढला ते मोजता येते. त्या वर्षी या शब्दाचा वापर १०,७९६ टक्क्यांनी वाढला होता, म्हणजे शंभरपटीहून जास्त. त्याहून नवलाची गोष्ट म्हणजे शेवटच्या यादीत जे इतर शब्द होते, ते सगळेच्या सगळे पर्यावरणाचे: क्लायमेट क्रायसिस, क्लायमेट डिनायल, इको-अँग्झायटी, इकोसाइड, एक्स्टिंक्शन, ग्लोबल हीटिंग, नेट झीरो, प्लांट-बेस्ड, आणि आमच्या नातीचा तो फ्लाइट शेम. हा शेवटचा मूळचा स्वीडिश, 'फ्लीगस्काम'. इंग्रजीने त्याचे जसेच्या तसे भाषांतर केले. कॉलिन्स या दुसऱ्या कोशाने त्याच वर्षी 'क्लायमेट स्ट्राइक' निवडला, आणि आदल्या वर्षी 'सिंगल यूज'.

ही काही नवी खोड नाही. कोळशाच्या धुराने लंडन काळवंडले तेव्हाही इंग्रजीला शब्द लागलेच. रॉबर्ट अँगस स्मिथ या रसायनशास्त्रज्ञाने १८७२ च्या पुस्तकात 'अॅसिड रेन' वापरला. 'स्मोक' आणि 'फॉग' जोडून केलेला 'स्मॉग' १९०५ पासून चालू झाला तो डॉ. दे व्हो यांच्यामुळे. १९५२ च्या डिसेंबरात लंडनमध्ये तो स्मॉग पाच दिवस बसला आणि हजारो माणसे गेली. चार वर्षांनी स्वच्छ हवेचा कायदा आला. 'स्मॉग' या शब्दाबद्दल आम्हाला आदर आहे. त्याच्या पोटात धूर आहे, आणि धूर म्हटला की धुराडे आलेच. शब्द ऐकताच बोट कुठे दाखवायचे ते कळते.

आज आम्हाला विचारायचे आहे ते एवढेच. पर्यावरणाच्या नव्या शब्दांमध्ये बोट दाखवायला कोणी सापडतो का? व्याकरणाच्या भाषेत, कर्ता कोण?

आपल्या घरातला प्रसंग घ्या. लहान मूल कधी "मी कप फोडला" असे म्हणत नाही. ते म्हणते, "आई, कप फुटला." जणू कपाच्या मनात आले आणि तो फुटला. मराठीत आपल्याला फुटणे आणि फोडणे असे दोन वेगळे शब्द आहेत. तुटणे-तोडणे, जळणे-जाळणे, मरणे-मारणे. बोलणाऱ्याला निवड करावीच लागते, आणि निवड केली की तो पकडला जातो. इंग्रजीत दोन्हीकडे 'ब्रेक' हाच धातू. कप ब्रोक, आणि आय ब्रोक द कप. पाणिनीने कर्त्याची ओळख सांगताना स्वातंत्र्याची कसोटी लावली आहे. क्रियेत जो स्वतंत्र, तो कर्ता. आम्हाला वाटते, नीतिशास्त्राची पहिली पायरी तिथेच आहे. जो स्वतंत्र होता त्यालाच जाब विचारता येतो.

आता 'ग्लोबल वॉर्मिंग' बघा. वॉलेस ब्रोकर या भूवैज्ञानिकाच्या १९७५ च्या लेखाच्या शीर्षकात तो आला आणि पुढे रुळला. १९८८ च्या जूनमध्ये जेम्स हॅन्सन अमेरिकी सिनेटसमोर बोलले तेव्हा तो घरोघरी गेला. 'वॉर्म' हा इंग्रजीत मोठा लाडका शब्द आहे. थंड देशातली भाषा ती. तिच्यात उबदार स्वागत असते, उबदार माणूस असतो. म्हणजे आपण ज्याला ताप म्हणतो त्याला इंग्रजीत ऊब म्हटले गेले. पण निदान काहीतरी वाढते आहे, एका दिशेने चालले आहे, इतके तरी त्यात होते. 'क्लायमेट चेंज' मध्ये तेही नाही. बदल काय, चांगलाही असतो.

इथे एक किस्सा नेहमी अर्धवट सांगितला जातो, तो पुरा सांगतो. अमेरिकेत फ्रँक लुंट्झ नावाचे एक राजकीय सल्लागार. २००२ च्या सुमारास त्यांनी आपल्या पक्षाला एक टिपण दिले की, 'ग्लोबल वॉर्मिंग' म्हणू नका, 'क्लायमेट चेंज' म्हणा, लोक कमी घाबरतात. यावरून पुष्कळ जण सांगतात की 'क्लायमेट चेंज' हा शब्दच त्यांनी काढला. तसे नाही. शास्त्रज्ञ तो आधीपासून वापरत होते. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय शास्त्रीय मंडळाच्या नावातच तो आहे, कारण पाऊस, बर्फ, वारे या सगळ्यांचा बदल त्यात मावतो. लुंट्झ यांनी काय केले, तर शास्त्रज्ञाचा सौम्य शब्द उचलला आणि त्याच्या सौम्यपणाचा उपयोग करून घेतला. २०१९ मध्ये अमेरिकी सिनेटच्या एका समितीपुढे त्यांनी आपली चूक कबूलही केली. त्याच वर्षी मे महिन्यात 'गार्डियन' वृत्तपत्राने आपल्या बातमीदारांना उलट्या दिशेने सूचना दिल्या: 'चेंज' ऐवजी 'इमर्जन्सी', 'क्रायसिस' किंवा 'ब्रेकडाउन' पसंत करा, 'वॉर्मिंग' ऐवजी 'हीटिंग'. 'फिश स्टॉक्स' म्हणू नका, 'फिश पॉप्युलेशन्स' म्हणा, हीही एक सूचना होती. आम्हाला ही शेवटची फार आवडली. स्टॉक म्हणजे गोदामातला माल. समुद्रातला मासा आपल्या गोदामात आहे असे एकदा भाषेने ठरवून टाकले की त्याचा हिशेब फक्त टनांत होणार.

'हीटिंग' म्हटले की हीटर आठवतो. तापणे नव्हे, तापवणे. एका शब्दाच्या फरकाने कर्ता दाराशी येऊन उभा राहतो. आत मात्र येत नाही. कारण तापवणारा कोण, हे 'ग्लोबल' या विशेषणात पुन्हा विरघळून जाते. आपल्याकडे आपण 'हवामान बदल' असा शब्द बनवला तो इंग्रजीवर कागद ठेवून गिरवल्यासारखा. एरवी फुटणे-फोडणे असा नेमका भेद करणाऱ्या भाषेत नेमका 'बदलणे' हाच धातू दोन्हीकडे चालतो. हवामान बदलले, त्यांनी हवामान बदलले. चोराला पळवाट मिळाली म्हणायची.

आता तो पाय.

१९९२ मध्ये कॅनडातले विल्यम रीस या अभ्यासकाने 'इकॉलॉजिकल फुटप्रिंट' ही कल्पना मांडली, आणि त्यांचे विद्यार्थी मॅथिस वॅकरनॅगल यांनी ती पुढे नेली. प्रश्न होता शहराचा. एखादे शहर जगायला जेवढे धान्य, लाकूड, पाणी ओढून घेते ते पिकवायला किती जमीन लागते? शहराच्या हद्दीपेक्षा कितीतरी पट मोठा असा त्याचा ठसा बाहेर उमटलेला असतो. मुंबईचा तानसा-वैतरणेचा पाणीपुरवठा आठवा, म्हणजे कल्पना किती सरळ आहे ते कळेल. तो ठसा एका समाजाचा होता, एका राहणीचा होता.

पुढे 'कार्बन फुटप्रिंट' हा त्याचा धाकटा भाऊ जन्मला. आणि २००४-०५ च्या सुमारास ब्रिटिश पेट्रोलियम, म्हणजे बीपी, या तेल कंपनीने तो आपल्या जाहिरातींत घेतला. रस्त्यावरच्या साध्या माणसाला विचारायचे, तुमचा कार्बन फुटप्रिंट किती? सोबत संकेतस्थळावर मोजण्याचा तक्ता. शब्द त्यांनी शोधला नाही, पण तो लोकांच्या तोंडी बसवण्यात त्यांचा वाटा मोठा. बघा कसं झालं ते. शहराचा पाय होता, तो माणसाचा झाला. आणि विचारणारा कोण, तर जमिनीतून तेल काढून विकणारा. दुकानदाराने गिऱ्हाइकाला विचारावे की तुम्ही किती खाता हो, आणि गिऱ्हाइकाने मान खाली घालावी, तसला हा प्रकार.

अन्याय होऊ नये म्हणून एक गोष्ट सांगतो. तक्ता खोटा नाही. विमानाचा धूर खरा आहे, आणि लंडन-मुंबई फेरीतला एका माणसाच्या वाट्याचा धूर कमी नाही. आकडा बरोबर असूनही प्रश्न चुकीच्या माणसाला विचारला जाऊ शकतो, इतकेच आमचे म्हणणे. त्या तक्त्यात विमान कंपनीचा रकाना नाही, इंधनावरच्या कराचा नाही, लांबच्या देशात नोकरीला जावे लागते त्याचाही नाही. कर्ता एकच, आणि तो अकरा वर्षांचा.

शब्द बदलल्याने वस्तूची पत कशी बदलते, याची काही सुखद उदाहरणेही आहेत. 'जंगल' आपल्याकडूनच इंग्रजीत गेला, अठराव्या शतकात. आयुर्वेदात 'जांगल' म्हणजे कोरडा, विरळ झाडीचा प्रदेश. पाणथळ 'आनूप' प्रदेशाच्या उलट. इंग्रजीत पोचेपर्यंत तो किर्र, ओला, भयाण झाला, आणि जिथे कायदा नाही ते सगळे 'जंगल' ठरले. जंगल साफ करणे हे पुण्यकर्म होते. पुढे जर्मन वनस्पतीशास्त्रातला 'रेगेनवाल्ड' भाषांतर होऊन 'रेनफॉरेस्ट' आला. तीच झाडी, तेच साप. पण जंगल तोडायचे असते आणि रेनफॉरेस्ट वाचवायचे असते. तसेच 'स्वॉम्प'चे. दलदल म्हणजे डास आणि हिवताप, बुजवा. १९७१ मध्ये इराणातल्या रामसर गावी करार झाला तो 'वेटलँड्स'च्या नावाने, आणि दलदलीला प्रतिष्ठा आली. नांदूर मधमेश्वर, लोणार आणि ठाण्याची खाडी आज त्या यादीत आहेत. ठाण्याच्या खाडीकडे जुन्या नावाने पाहिले असते तर तिथे आज इमारती असत्या, थोड्या आहेतही.

याच्या उलट 'रेक्लमेशन'. मुंबईकर हा शब्द बसच्या पाटीवर वाचतात म्हणून तो खटकत नाही. रिक्लेम करणे म्हणजे आपले होते ते परत मिळवणे. समुद्र आपल्याकडून कधी काय घेऊन गेला होता? बॅकबेमध्ये माती लोटली आणि म्हटले, परत मिळवली. मराठीत आपण त्याला 'भराव' म्हणतो. भराव म्हटले की कोणीतरी घातलेला, हे आलेच. या एका ठिकाणी मराठी शब्द इंग्रजीपेक्षा प्रामाणिक आहे, असे म्हणायला आम्हाला बरे वाटते.

'डिस्पोजेबल' आणि 'सिंगल यूज' ही जोडीही अशीच. वस्तू एकच. पन्नासच्या दशकात अमेरिकेत डिस्पोजेबल हे गुणवाचक विशेषण होते: घासायला नको, पुसायला नको, फेकून द्या. 'सिंगल यूज' म्हटल्यावर तोच पेला आरोपी झाला. आपल्याकडे १ जुलै २०२२ पासून ज्या वस्तूंवर देशभर बंदी आली ती याच नावाने. भाजीवालीसुद्धा आता "ती सिंगल यूज आहे, देत नाही" असे म्हणते आणि त्याच दमात दुसरी पिशवी काढून देते.

आता ज्या शब्दांवर देशांचे भांडण होते, तिकडे येऊ. नोव्हेंबर २०२१, ग्लासगोची हवामान परिषद. मसुद्यात कोळशाच्या विजेबाबत 'फेज आउट' असे होते, म्हणजे टप्प्याटप्प्याने बंद. शेवटच्या तासांत भारताचे मंत्री भूपेंद्र यादव यांनी 'फेज डाउन' सुचवले, म्हणजे टप्प्याटप्प्याने कमी. 'आउट' आणि 'डाउन'. दोनशेच्या आसपास देश त्या एका अव्ययावर थांबले. शब्द बदलला, आणि परिषदेचे अध्यक्ष आलोक शर्मा यांना सभागृहाची माफी मागताना गहिवरून आले. जगभर बातमी झाली की भारताने शब्द पातळ केला.

पातळ केला, हे खरेच आहे. पण 'फेज डाउन' हा शब्द तीनच दिवस आधी अमेरिका आणि चीन यांच्या संयुक्त निवेदनात आला होता, हे त्या बातम्यांत क्वचित होते. आणि दुसरे, मसुद्यात कोळसा होता, तेल आणि वायू नव्हते. ज्याच्याकडे कोळसा आहे त्याचे इंधन नावाने लिहिले गेले, ज्याच्याकडे तेल आहे त्याचे नाही. कर्त्याला लपवण्याची एक रीत म्हणजे त्याचे नाव न घेणे. दुसरी, जास्त सफाईची, म्हणजे शेजाऱ्याचे नाव घेणे. दुबईत २०२३ मध्ये सगळ्या जीवाश्म इंधनांबद्दल मजकूर आला तेव्हा शब्द निघाला 'ट्रान्झिशनिंग अवे', म्हणजे हळूहळू दुसरीकडे वळणे. ना आउट, ना डाउन.

आणि मग इंग्रजीतला सगळ्यात मोठा पर्यावरणवाचक शब्द, जो कोणत्याच 'वर्षाच्या शब्दा'त येणार नाही: 'वी'. वी आर डिस्ट्रॉइंग द प्लॅनेट. आता हे मराठीत सांगा बरं. 'आम्ही' की 'आपण'? (आमचे स्वतःचे 'आम्ही' सोडून द्या, ते जुन्या मास्तरांचे आहे, त्यात दुसरे कोणी नसते.) 'आम्ही' म्हटले तर ऐकणारा सुटला. 'आपण' म्हटले तर ऐकणाराही सामील. मराठीत हे ठरवल्याशिवाय वाक्य पुढे जात नाही. इंग्रजीत ठरवावेच लागत नाही, आणि त्या न ठरवण्यात फार मोठा इतिहास झाकला जातो. पॉल क्रुट्झन आणि यूजीन स्टोर्मर यांनी २००० साली 'अँथ्रोपोसीन', मानवयुग, हा शब्द मांडला. भूगर्भशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०२४ मध्ये त्याला अधिकृत युग मानायला नकार दिला, तरी शब्द चालू राहिला आहे. यातला 'अँथ्रोपोस' कोण? दीडशे वर्षे कारखाने चालवणारा, की मेळघाटात अजून चुलीवर रांधणारी? दोघांचे मिळून एक युग केले. १९९२ च्या रिओ परिषदेत 'कॉमन बट डिफरन्शिएटेड रिस्पॉन्सिबिलिटीज' असा एक लांबलचक शब्दप्रयोग आला. समाईक पण वेगवेगळी जबाबदारी. ऐकायला सरकारी वाटतो, पण विचार केला तर ती एका वाक्यात 'आपण' आणि 'तुम्ही' दोन्ही म्हणायची धडपड आहे. इंग्रजीला त्यासाठी चार शब्द लागले.

एका शब्दापाशी मात्र आम्ही थांबलो. 'सोलॅस्टाल्जिया'. ग्लेन अल्ब्रेक्ट हे ऑस्ट्रेलियातले तत्त्वज्ञ, म्हणजे आमच्याच बिरादरीतले. न्यू साउथ वेल्समधल्या हंटर खोऱ्यात उघड्या कोळसा खाणी पसरत होत्या. तिथली माणसे गाव सोडून कुठे गेलेली नव्हती, तरी ती घर आठवून झुरत होती. 'नॉस्टाल्जिया' या शब्दात आपण घरापासून दूर असतो. इथे आपण घरातच आहोत आणि घरच निघून चालले आहे. याला नाव नव्हते, ते अल्ब्रेक्ट यांनी २००३ मध्ये दिले. आमच्या घरामागे एक टेकडी आहे. बत्तीस वर्षे आम्ही तिच्यावर पहाटे जातो. आता निम्मी कापली आहे, उरलेल्या भागावरून फिरतो. या शब्दाची गाठ पडेपर्यंत आम्ही हे वय झाल्याचे लक्षण समजत होतो.

'इको-अँग्झायटी' बद्दल मात्र आम्ही साशंक आहोत. अमेरिकी मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०१७ च्या अहवालात तो वापरला, त्यांचा हेतू चांगलाच होता. पण अँग्झायटी म्हटली की रुग्ण आला, उपचार आला, श्वासाचे व्यायाम आले. खाणीचे नाव घेणारा शब्द आणि रुग्णाचे नाव घेणारा शब्द यांत अंतर आहे. डोंगर कापला जात असताना माणसाला वाईट वाटणे हा आजार नाही, ती शुद्धीवर असल्याची खूण आहे.

नातीला हे सगळे सांगितले नाही, अर्थात. पुढच्या रविवारी आम्ही तिला आधी तिचे मराठी सुधारले: "आपण नाही आलो तर" नाही, "आम्ही नाही आलो तर". आपण म्हटलंस तर मीही तुझ्या विमानात बसलो. तिला ते फार गमतीचे वाटले. मग तक्त्यात कोणते रकाने असायला हवे होते याची यादी आम्ही दोघांनी मिळून केली, सतरा झाले. ती यादी तिने बाईंना नेऊन दाखवली. बाईंनी वर्गात वाचून दाखवली म्हणे. पण त्याच फोनवर शेवटी तिने विचारले, "आजोबा, पण विमानाचा धूर तर खरा आहे ना?" आम्ही म्हटलं, खरा आहे.

तेव्हा असे ठरले आहे की ही मंडळी यंदा दिवाळीला येणार नाहीत. पुढच्या वर्षी शाळेच्या मोठ्या सुट्टीत येतील, जुलैत, भर पावसात, आणि सहा आठवडे राहतील. मग दोन वर्षे नाही. आमच्या सौभाग्यवती तेव्हापासून आमच्याशी धड बोलत नाहीत. शब्दांची चर्चा करता करता तुम्ही दिवाळी घालवलीत, असे त्यांचे म्हणणे आहे, आणि या वाक्यात कर्ता कोण हे त्यांनी अगदी स्पष्ट ठेवले आहे.

वेळ झाली. प्रश्न असतील तर घेऊ.